हसऱ्या कमोडची गाडी

४ जून

ति. ताईस सा. न.

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आजचं वाक्य लांबलचक आहे.

कॉलेजचं पत्रक मिळालं. 'भावी विज्ञान विद्यार्थ्यांसाठी माजी विद्यार्थ्यांना हाक'. पाकिटावर माझ्या नावामागे 'सन्माननीय उद्योजक' असं छापलंय. मी ते बायकोला वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, चष्मा मला डोळ्यांसाठी लागलाय, कान ठीक आहेत माझे."

मी कसला उद्योजक आहे ते तुला ठाऊकच आहे. संडास साफ करायचं निळं द्रव बनवतो. या भागात माझी बाटली नाही असं घर सापडणार नाही, आणि ती बाटली पाहुण्यांना दिसेल अशी ठेवणारंही घर सापडणार नाही. कीर्ती आहे, पण दाराआडची. चारचौघांत कुणी विचारलंच, "आपण काय करता?" तर मी "केमिकल्समध्ये आहे" म्हणतो आणि पटकन हवेचा विषय काढतो.

तर आता आयुष्यात एकदा तरी नाव उजेडात यावं असं वाटतं. कॉलेजच्या गच्चीवर वेधशाळा बांधून द्यावी म्हणतो. घुमट, दुर्बीण आणि जिन्यापाशी संगमरवरी पाटी. मुलं वर जाऊन तारे बघतील आणि उतरताना मला बघतील. पाटीची अक्षरं निवडून झाली आहेत. नमुना सोबत जोडलाय. दुर्बिणीची चौकशी अजून केलेली नाही.

तू केमिस्ट्रीची हेड, शिवाय माझी सख्खी आतेबहीण. तुझी जर्नलं उतरवून मी बीएस्सी झालो, म्हणजे एका अर्थी या दानाला तूच जबाबदार आहेस. काय ते कळव.

तुझा,
छोट्या


१५ जून

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

(पन्नाशी उलटलेल्या, ढेरी सुटलेल्या माणसाला 'छोट्या' लिहिताना पेन अडखळतं, पण सवय.)

ते पत्रक मीच लिहिलंय. प्राचार्य म्हणाले, लोकांच्या भावनेला हात घाला. मी घातला, तर हाताला तू लागलास! 'ऋण', 'मातृसंस्था', 'ज्ञानदीप' हे सगळे शब्द माझेच आहेत. छापून आल्यावर वाचले आणि दोन दिवस स्टाफरूममध्ये कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

वेधशाळा नको. गच्ची गळते. तिच्यावर घुमट ठेवलास तर तो एका रात्रीत खालच्या फिजिक्सच्या वर्गात उतरेल आणि मुलांना तारे तिथेच दिसतील.

पत्रकात लिहिता आलं नाही ते इथे लिहिते. पहिल्या वर्षाला आमच्याकडे मुलं भरपूर येतात, दुसऱ्या वर्षाला गळतात. इतकी वर्षं मी समजत होते, माझ्या शिकवण्यामुळे पळतात. त्यातही एक प्रकारचा मान वाटायचा. खरं कारण शेवटची बस आहे. आसपासच्या गावांकडे जाणारी शेवटची बस प्रॅक्टिकल संपायच्या आधीच सुटते. मुलगे कुणाच्या तरी दुचाकीला लटकून घरी पोचतात. मुलींना घरचे म्हणतात, ते विज्ञान राहू दे, बीएला जा. यंदा दुसऱ्या वर्षाचा वर्ग भरला नाही, तर संस्था बीएस्सीच बंद करणार आहे.

तेव्हा गाडी हवी. गाडी, तिचा ड्रायव्हर आणि डिझेल, आणि हे दरवर्षी. डिझेलवर नाव कोरता येत नाही याची मला कल्पना आहे.

पाटीचा नमुना परत पाठवतेय. अक्षरं चांगली आहेत. 'सन्माननीय' चुकलंय.

ताई


२ जुलै

ति. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून मला अजिबात राग आला नाही. हे मी जेवताना इतक्या वेळा म्हणालो की बायकोने शेवटी जिना, घुमट आणि पाटी या तिन्हींचा उद्धार केला आणि म्हणाली, "पाठवा की गाडी. कारखान्यात एक धूळ खात पडलीय."

तर पाठवतोय. माल पोचवायची बंद गाडी होती. खिडक्या पाडून घेतल्या, बाकं बसवली, बाकांना गाद्या शिवल्या. ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल कारखाना देईल. ड्रायव्हर सज्जन आहे, फक्त गातो.

एक बारीकशी गोष्ट. रंग नवा मारलेला नाही. चांगल्या रंगावर रंग कशाला, म्हटलं.

छोट्या


११ ऑगस्ट

चि. छोट्यास आशीर्वाद.

बारीकशी गोष्ट! गाडीच्या दोन्ही अंगांना तुझ्या बाटलीवरचा कमोड माणसाएवढा काढलाय. तो हसतोय आणि एका हाताने अंगठा दाखवतोय. कमोडला हात कुठून फुटला, असं बायोलॉजीच्या सरांनी मला भर मीटिंगमध्ये विचारलं.

पहिल्या दिवशी एकही मुलगी आत पाय टाकेना. पोरांनी तोवर गाडीचं बारसं उरकून टाकलं होतं. नाव लिहीत नाही, तू ओळखशीलच. मी फाटकाशी उभी राहून संधी, शिक्षण, स्वावलंबन असं काहीबाही बोलत होते. त्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पुढे आली. हिचं प्रत्येक वाक्य 'पण मॅडम'ने सुरू होतं म्हणून सगळे तिला पणमॅडमच म्हणतात. मी म्हणाले, पृथ्वी गोल आहे, तरी ती म्हणेल, "पण मॅडम, सगळीकडून?"

ती म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही बसाल का यात?"

आता काय करणार? बसले. पुढे, खिडकीशी, मांडीवर पर्स घेऊन. इतक्या वर्षांच्या कडक इस्त्रीच्या रुबाबाची मिरवणूक निघाली. सिग्नलला माझा एक जुना विद्यार्थी दिसला, आता मोठा डॉक्टर आहे. त्याने मला बघून आदराने हात जोडले, मग त्याची नजर खाली कमोडवर गेली आणि जोडलेले हात तसेच राहिले. आत मात्र पणमॅडम हसायला लागली, मग बाकीच्या, मग मीही. दुसऱ्या दिवशी गाडी भरली.

आता प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतं, कुणी घड्याळाकडे बघत नाही. वर्ग भरला. संस्थेचे चेअरमन प्रयोगशाळेत डोकावून गेले आणि बंद करायचं काही बोलले नाहीत.

मुलांना यंदा घरातली एखादी वस्तू तपासायचा प्रकल्प दिलाय. पणमॅडमने तुझी बाटली निवडलीय. गाडीचे उपकार म्हणून असेल. तुझं कौतुक होईल, छाती फुगवून ठेव.

ताई


२० ऑगस्ट

ति. ताईस सा. न.

छाती फुगवली आहे. शर्टाचं एक बटण गेलं.

खरं सांगू का? रंग बदलला नाही तो काटकसरीने नाही. म्हटलं, गाडी रोज पाचपन्नास गावांतून फिरणारच आहे, तर कमोडही फिरू दे. आणि खप वाढला गं! दान करून नफा झालेला मी पहिलाच दानशूर असेन. लाज वाटते, पण थोडीच.

पणमॅडमचा निकाल आला की मोठ्या अक्षरांत लिहून घे. कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर फ्रेम करून लावतो. आणि तिला म्हणावं, शिक्षण झालं की नोकरी पक्की.

छोट्या


१२ सप्टेंबर

चि. छोट्यास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

तुझ्या बाटलीवर आम्लाचं जे प्रमाण छापलंय, त्याच्या जेमतेम निम्मं आत आहे.

मला आधी मुलीचीच चूक वाटली. तुझ्या द्रवाचा निळा रंग इतका गडद आहे की आम्ल मोजायच्या टायट्रेशनमध्ये रंग कधी बदलला तेच कळत नाही. मी तिला रागावले. ती म्हणाली, "पण मॅडम, म्हणूनच मी आधी भरपूर पाणी घालून रंग फिका करून घेतला." मग मी स्वतः मोजायची नळी, ब्युरेट, लावली. माझंही तेच आलं. वेगवेगळ्या दुकानांतून बाटल्या आणवल्या. तेच. मग वर्गासमोर तिची माफी मागितली. मागच्या बाकावरच्या एकाने ती वहीत तारखेसह टिपून घेतली.

पुढच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन आहे. तिचा तक्ता तिथे लागेल. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. परवानगी मागत नाहीये, हे तू समजून घेशील.

ताई


१८ सप्टेंबर

माननीय विभागप्रमुख यांस,

आपले पत्र पोचले. आपल्या प्रयोगशाळेतील काचसामान आमच्या वेळेपासूनच जुने आहे, त्याने काय मोजले जाईल ते सांगवत नाही.

गाडी सर्व्हिसिंगसाठी परत नेत आहोत. परत कधी येईल ते गॅरेजवाल्यावर अवलंबून आहे.

आपला,
एक माजी विद्यार्थी


६ ऑक्टोबर

छोट्या,

तुझं ते 'माननीय' वाचून पहिल्यांदा हसले आणि मग फार वाईट वाटलं. लहानपणी रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि तिथून ओरडायचास, "मी इथे नाहीये!" अगदी तसंच पत्र.

गाडीची वाट बघणं आम्ही सोडलं. दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना घरी बसवलंय. मी जाऊन आले, उपयोग झाला नाही. बाकीच्या दूधवाल्याच्या टेम्पोतून जातात, उभ्याने. पणमॅडम तर आता मापं पुन्हा पुन्हा घेतेय, म्हणते, "पण मॅडम, त्यांचं म्हणणं बरोबर असेल तर? काचसामान खरंच जुनं आहे." दुसऱ्या कॉलेजातून ब्युरेट मागून आणली. त्यातही तेच.

चेअरमन तक्ता काढून टाका म्हणाले. देणगीदार दुखावतो, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणाले. पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, किरकोळ आहे.

प्रदर्शन शनिवारी आहे. ये असं म्हणणार नाही. पण आलास तर खुर्ची देईन.

ताई


२९ ऑक्टोबर

ति. ताईस साष्टांग, आणि या वेळी खरोखरचा, जमिनीवर पडून. (उठताना बायकोची मदत लागली.)

मी प्रदर्शनाला आलो होतो. तू दिसलीस, दुसऱ्या टोकाला पोरांना रागवत होतीस. समोर यायचा धीर झाला नाही.

त्याआधीचं सांगतो. तुझं सहा तारखेचं पत्र आलं आणि मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलो. आपल्याकडे प्रयोगशाळा आहे. पाहुण्यांना दाखवतो मी ती. लोकांना बाहेर काढलं, दार लावलं आणि ब्युरेट हातात घेतली. कॉलेजनंतर पहिल्यांदाच! फिकट गुलाबी छटा यायला हवी, तर पहिल्या फ्लास्कात एकदम भडक गुलाबी. ब्युरेटची तोटी बंदच होईना. दुसऱ्यातही तसंच. तिसरा फुटला. कसाबसा आकडा काढला, तो तुमच्या आकड्याला जाऊन चिकटला. तेव्हा कळलं की तुझी जर्नलं उतरवताना मी हाताचं काम सोडून सगळं उतरवलं होतं.

मेहुण्याला बोलावलं. खरेदी आणि मिश्रण तोच बघतो, बायकोचा एकुलता एक भाऊ. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "भावोजी, लोक वासाला आणि फेसाला पैसे देतात. आम्ल कोण मोजत बसलंय?"

मी म्हटलं, "दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मोजतेय."

वर म्हणतो कसा, "दरमहा नफा वाढला तेव्हा तुम्ही नाही विचारलंत, का वाढला?" ताई, नाही विचारलं. मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून वाढला.

हे सगळं पोटात घेऊन मी प्रदर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. पणमॅडमच्या टेबलाशी पोचलो. एवढीशी पोर, हातात पट्टी. तिने मला विचारलं, "काका, घरी कुठलं वापरता?"

"हेच."

"बदला. घासायची तयारी असेल तर राहू द्या, घासलं की नुसत्या पाण्यानेही निघतं."

मी विचारलं, "हे मालकाला माहीत असेल का गं?"

"माहीत असेल तर लबाड, नसेल तर बावळट," ती म्हणाली. "पण काका, दोन्हीत आम्ल तेवढंच भरतं."

"बावळट," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच तो."

ती लाल झाली, पट्टी खाली पडली. मला वाटलं, आता रडणार. तर माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पण सर, मग गाडी का बंद केलीत?"

आजवर मला टॅक्सवाल्यांनी प्रश्न विचारलेत, बँकेने विचारलेत. सगळ्यांना उत्तरं दिली. हिला मात्र मी खाली पडलेली पट्टी उचलून दिली. मग तिने ते तुझं 'किरकोळ' सांगितलं. तुला हेडच्या खुर्चीवरून काढलं आणि स्टोअररूममध्ये बाटल्या मोजायला बसवलं म्हणून. हे मला त्या पोरीकडून कळावं? पलंगाखाली बसायची सवय आपल्या घराण्यातच दिसतेय.

तिथून तडक चेअरमनकडे गेलो. ते उठून उभे राहिले, "गैरसमज झाला, आम्ही तक्ता काढायलाच सांगत होतो," म्हणाले. मी म्हटलं, "तक्ता खरा आहे. मी स्वतः तपासलाय, काचा फोडून. खुर्ची बाईंना परत द्या, नाहीतर दुखावलेला देणगीदार कसा असतो ते आता दाखवतो." आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी असा ओरडलो आणि आवाज मध्येच चिरकला. तरी काम झालं असं वाटतं.

दुकानांतला माल परत मागवलाय. गोदामात बाटल्या ठेवायला जागा नाही, माझ्या केबिनमध्येसुद्धा रचल्यात. त्यांच्या आडून लोकांशी बोलतो. मेहुण्याला खरेदीवरून काढलं. बायको बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट ज्या आवाजात ठेवते तो अख्खा संवाद आहे. यंदा नफा होणार नाही, पुढच्या वर्षीही बहुतेक नाही.

गाडी सोमवारपासून पुन्हा येईल. रंग मारून घेतलाय, साधा पांढरा. त्या घरी बसलेल्या दोन मुलींकडे मीच जाऊन आलो. एकीच्या आजोबांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "संडास साफ करायचं द्रव बनवतो, आणि सध्या ते चांगलं बनवायला शिकतोय." त्यांनी चहा दिला. दोघी येतील.

छोट्या


२० नोव्हेंबर

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

खुर्ची परत मिळाली. पूर्वीसारखीच टोचते. स्टोअररूममध्ये निदान कुणी मीटिंगला बोलवत नव्हतं, हे चेअरमनना सांगू नकोस. तुला आधी कळवलं नाही, कारण तू धावत येशील अशी भीती होती, आणि येणार नाहीस अशीही. त्यातली दुसरी भीती सहन झाली नसती.

वर्ग पूर्ण आहे. पांढऱ्या गाडीवर मुलींनी नाराजी दाखवली, 'तो हसरा बरा होता' म्हणतात. लोकांचं काही कळत नाही.

तुझी नवी बाटली पणमॅडमने तपासली, प्रमाण बरोबर भरलं. तुझ्या नोकरीचा निरोपही दिला. ती म्हणाली, "नको. मला पाणी तपासायचंय." मी तिला समजावलं की चालत आलेली नोकरी अशी नाकारू नये. त्यावर जे म्हणाली ते लिहायला मला आठवडा लागला.

तिच्या घरामागून एक ओढा जातो. तिची आई त्याच ओढ्यावर कपडे धुते, गुरंही तिथेच पितात. तो ओढा तुझ्या कारखान्याच्या मागून येतो. ती म्हणाली, "पण मॅडम, तिथलं पाणी कुणी तपासलंय का?"

तुम्ही नियमाप्रमाणे सगळं करत असाल, हे मी तिला सांगितलं. मग माझ्याच लक्षात आलं की हे मी नुसतं म्हणतेय, बघितलेलं नाही. तुझं तिथलं काही निघालं तर या वेळी गोष्ट तक्त्यावर थांबणार नाही, हे तुलाही कळतं. तरी विचारते. रविवारी मुलींना तिथवर यायला गाडी मिळेल का? नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. आम्ही दूधवाल्याच्या टेम्पोने येऊ.

ताई


२४ नोव्हेंबर

ति. ताईस सा. न.

तुझं पत्र घेऊन काल दुपारी कारखान्याच्या मागे गेलो. मागच्या बाजूला मी कधी जातच नाही. पुढे बाग आहे, कारंजं आहे, पाहुण्यांना मी ते दाखवतो. मागे एक पाइप आहे. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. पाणी मला कधी स्वच्छ वाटत होतं, कधी निळसर. नुसत्या डोळ्यांनी बघून आपल्याला काही कळत नाही, एवढं मात्र या वर्षात शिकलो.

इथे मेहुण्याचं नाव घ्यायची सोय नाही. तो पाइप मी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "भीती वाटतेय का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग मीही येते रविवारी."

गाडी सकाळी आधी पणमॅडमच्या दारात जाईल, मग बाकीच्यांना घेईल. पाइपापाशी आम्ही दोघं उभे असू. बाटल्या धरायला माणूस लागला तर मी आहे, ब्युरेट मात्र माझ्या हातात देऊ नका.

मुलींना बूट घालून यायला सांग. मागे चिखल फार आहे.

छोट्या